धामणखेड-सावरवाडी करार

अमेरिका रणधीरला गेली. त्यात कुणाला नवल वाटलं नाही. रणधीर म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब यांचा पुतण्या. तो आर्ट्सला नव्हताच, कॉमर्सला होता आणि तिथंही एकाच वर्गात दोन वर्षं मुक्काम ठोकून होता. पण उंबरजे सरांनी देशवाटपाची यादी वाचायला घेतली तेव्हा पहिलं नाव त्याचंच निघालं.

"आता रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स," सर चष्म्यावरून बघत म्हणाले. "ज्यांच्याकडे कोट आहे त्यांनी हात वर करा."

तीन हात वर झाले. चौथा कदमचा, त्याच्या मेव्हण्याकडे लग्नातला कोट होता. अशा रीतीनं जगाच्या सुरक्षेची व्यवस्था पाच मिनिटांत लागली.

"सर, मला कुठला देश?" मी विचारलं.

"तुझं अक्षर चांगलं आहे, मंगल. तू सरचिटणीस. सगळ्यांची भाषणं लिहायची, ठराव लिहायचा आणि पाहुण्यांना पाणी द्यायचं."

"संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस पाणी देतो का, सर?"

"आपल्याकडे देतो," सर म्हणाले आणि पुढच्या नावाकडे वळले.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय राज्यशास्त्र, पेपर आंतरराष्ट्रीय संबंध. डिसेंबर महिना होता आणि आमच्या तालुक्याच्या कॉलेजची तपासणी करायला बाहेरच्या राज्यातली तीन माणसांची समिती यायची होती. त्यांना दाखवायला ग्रंथालयाला रंग दिला होता, प्रयोगशाळेत एक सांगाडा उसना आणला होता आणि राज्यशास्त्र विभागानं सुरक्षा परिषदेची नकली बैठक भरवायची असं ठरलं होतं.

उंबरजे सर सोलापूरच्या पुढं कधी गेले नव्हते, पण जग त्यांना तोंडपाठ होतं. त्यांच्या हस्तलिखित नोट्सची पानं पिवळी पडली होती आणि त्यांत सोव्हिएत युनियन अजून शाबूत होता. एकदा शरीफानं भीत भीत सांगितलं, "सर, तो फुटला." सर म्हणाले, "माहीत आहे. परीक्षेपुरता असू दे." शरीफा मुलाणी सावरवाडीची, मी धामणखेडची. जग राहू दे बाजूला, आमच्या दोघींच्या गावांतच त्या वेळी बोलणं बंद होतं.

कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. तालुक्याहून एक बस यायची. आधी सावरवाडी लागायचं, मग तीन किलोमीटरवर आमचं धामणखेड. तिथून गाडी वळून परत जायची. बसच्या कपाळावर पाटी असायची 'धामणखेड'. सावरवाडीच्या लोकांना एके दिवशी साक्षात्कार झाला की गाडी आधी आपल्याकडे येते आणि नाव मात्र दुसऱ्याचं. त्यांनी अर्ज केला, डेपोनं पाटी रंगवून आणली, 'सावरवाडी-धामणखेड'. आता आमच्या गावाचं पित्त खवळलं. मुक्काम आमचा आणि नाव मागं का? दोन्ही गावांची माणसं फाट्यावर जमली, शब्दानं शब्द वाढला आणि गाडीच्या दोन काचा गेल्या. डेपो मॅनेजरनं गाडी बंद केली आणि सांगितलं, पाटीवर काय लिहायचं ते दोन्ही सरपंचांनी एका कागदावर सही करून आणा, गाडी दुसऱ्या दिवशी सुरू करतो.

कागद तयार व्हायला अर्धा तास लागला असता. चार महिने झाले तरी तो झाला नाही, कारण आधी सही कुणी करायची हे ठरेना. सावरवाडीचे सरपंच नाना लेंगरे म्हणत, आधी सही केली की आपण नमलो. धामणखेडचे सरपंचही तेच म्हणत. धामणखेडचे सरपंच म्हणजे तात्या गोफणे, माझे वडील.

गाडी बंद पडल्यावर त्या रस्त्यावर रणधीरच्या तीन जीप सुरू झाल्या. आत माणसं कोंबलेली, मागं लोंबकळणारी, टपावर बसलेली. त्यांत पोरींना कोण बसवणार? दोन्ही गावांच्या मिळून सात मुली कॉलेजात येत होत्या, त्यांतल्या पाच घरी बसल्या. उरलो शरीफा आणि मी. आम्ही शेतातून सात किलोमीटर चालून मोठ्या रस्त्याला लागायचो आणि तिथून मिळेल ती गाडी धरायचो. गावाच्या हद्दीत एकमेकींपासून लांब चालायचो, ओढा ओलांडला की जोडीनं.

त्यातच गंगूआक्का आल्या. तात्यांची थोरली बहीण. तात्यांची आई लवकर गेली, तेव्हा आक्कांनीच त्यांना वाढवलं होतं. गावात तात्यांपुढं कुणाची जीभ चालत नसे आणि आक्कांपुढं तात्यांची चालत नसे. आक्कांनी त्यांच्या दिराच्या मुलाचं स्थळ माझ्यासाठी आणलं होतं.

"गाडी न्हाई, घोडं न्हाई, पोर रानावनातनं तंगडतोड करती," आक्का म्हणाल्या. "माघात बार उडवून टाकू. मी शब्द दिलाय."

"परीक्षा मार्चात आहे, आत्या," मी म्हणाले.

"पेपर लिवून काय अमेरिकेला जायाचंय?"

मी तात्यांकडे पाहिलं. ते सुपारी कातरत होते. "आक्काचा शब्द हाय," एवढंच म्हणाले. मग सुपारीचं खांड तोंडात टाकून, "गाडी सुरू असती तर गोष्ट येगळी हुती."

मला भयंकर संताप आला. गाडी सुरू करणारा माणूस समोर सुपारी कातरत बसला होता. त्याला एक सही करायची होती. दोन वर्षं मी मोठ्या राष्ट्रांच्या प्रतिष्ठेवर उत्तरं लिहीत होते आणि ती प्रतिष्ठा माझ्या घरात घोंगडीवर बसलेली होती.

बैठकीची भाषणं लिहायला मी सरांच्या नोट्स घरी आणल्या. चाळता चाळता पान एकशे बेचाळीसवर खाली बारीक अक्षरात एक तळटीप दिसली. सरांनी पुढं कंसात लिहिलं होतं, परीक्षेला येत नाही. ती मी तीनदा वाचली आणि मग लिहायला बसले.

सरांनी विषय दिला होता, 'क्ष आणि य या दोन काल्पनिक देशांमधला वाद'. खऱ्या देशांची नावं घेतली तर कुणाच्या तरी भावना दुखावतात, म्हणून काल्पनिक. वाद कशावरून, ते सरांनी माझ्यावर सोडलं होतं. "नदीबिदी घे," ते म्हणाले होते. मी नदी घेतली नाही.

समिती आली त्या दिवशी सभागृह खचाखच भरलं होतं. कॉलेजचं समाजाशी नातं आहे हे दाखवायचं म्हणून आसपासच्या गावांचे सरपंच बोलावले होते. फेटे शोभून दिसतात म्हणून त्यांना व्यासपीठावरच बसवलं होतं. खुर्च्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम सरचिटणिसाकडे होतं, त्यामुळे तात्या आणि नाना लेंगरे शेजारी शेजारी आले. दोघांनी खुर्च्या इंचभर लांब सरकवल्या आणि दोन दिशांना तोंडं केली. समितीच्या अध्यक्षांना मराठीचा गंध नव्हता. प्राचार्य त्यांच्या कानाशी लागून प्रत्येक गोष्टीचा अर्थ सांगत होते, म्हणजे सोयीचा तेवढा.

'क्ष' देशाच्या वतीनं शरीफा उठली. ओढणी सारखी करून तिनं मी लिहिलेलं भाषण वाचलं.

"अध्यक्ष महोदय, व्यापारी तांडा आधी आमच्या देशात येतो, मग पुढं जातो. तरी त्याच्या निशाणावर नाव मात्र शेजाऱ्याचं. हा आमच्या सार्वभौमत्वाचा अपमान आहे."

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मग 'य' देश उठला. त्यानं मुक्कामाचा हक्क सांगितला आणि तांड्याच्या दोन काचा फुटल्याचा इन्कार केला. तांड्याला काचा कशा, हे विचारायचं भान कुणाला उरलं नव्हतं. सभागृहात हशा पिकला. नाना लेंगरे ताडकन उठले.

"ओ सर, हे काय चाललंय? ही तर आमची गाडी हाय."

प्राचार्यांनी त्यांना हात धरून खाली बसवलं आणि समितीच्या अध्यक्षांना सांगितलं की निरीक्षक देशानं हरकत घेतली आहे. अध्यक्षांनी मान डोलावून वहीत काहीतरी लिहिलं. उंबरजे सरांचा चेहरा पांढरा पडला होता. ते माझ्याकडे बघत होते आणि मी पाण्याच्या पेल्यांकडे.

मग अमेरिका उठली. रणधीरनं भाषण आधी वाचलेलं नव्हतं. तालमीला तो एकदाही आला नव्हता, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. त्यानं कोटाचं बटण लावलं, घसा साफ केला आणि दणक्यात सुरुवात केली.

"हे दोन देश भांडत आहेत ही आमच्या दृष्टीनं समाधानाची बाब आहे. तांडा बंद पडल्यापासून या मार्गावर आमच्या तीन जीप चालतात. आत बारा, मागं सहा आणि टपावर देव देईल तितके. दोन्ही देशांचे प्रमुख आधी सही कुणी करायची यावर अडून बसलेले आहेत, तोवर आम्हाला काळजी नाही. त्यांच्या मानपानाला दीर्घायुष्य लाभो, हीच..."

इथं तो थांबला. पण तोवर सगळं वाचून झालं होतं. सभागृह डोक्यावर घेतलं होतं पोरांनी. पहिल्या रांगेत अण्णासाहेब खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते, आणि शेजारी समितीतले दुसरे सदस्य, सगळे हसतात म्हणून, मनापासून हसत होते.

रणधीरला सरांनी एकच गोष्ट घोकून दिली होती आणि ती त्याला नेमकी त्या वेळी आठवली. हात वर करून तो ओरडला, "नकाराधिकार."

व्यासपीठावर दोन फेटे सावकाश एकमेकांकडे वळले.

"म्हंजे आपण भांडायचं आन् ह्यांच्या जीपा भरायच्या," नाना म्हणाले. चार महिन्यांत सावरवाडीनं धामणखेडशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"दिसतंय तर तसंच," तात्या म्हणाले.

आता बैठक संपवायची की पुढं न्यायची हे उंबरजे सरांच्या हातात होतं. समोर अण्णासाहेब होते, ज्यांच्या सहीनं सरांचा पगार निघायचा. सर उठले. त्यांनी टेबलावर हात टेकला. आयुष्यात पहिल्यांदाच ते नोट्सच्या बाहेर बोलले.

"नकाराधिकार परिषदेच्या ठरावाला लागू आहे. दोन देशांनी आपसात करार करायचा म्हटला तर त्याला कुणाचीही परवानगी लागत नाही. अमेरिकेनं खाली बसावं."

रणधीर चक्क खाली बसला.

मी ट्रे ठेवून दिला आणि दोन कागद घेऊन पुढं गेले. कागद तयारच होते. चार कलमं होती. चौथं मी शेवटी, जागा कमी पडली म्हणून, जरा बारीक अक्षरात लिहिलं होतं.

"समाजाचे प्रतिनिधी म्हणून दोन्ही सरपंचांनी करारावर सही करावी," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

"आधी कुणी?" तात्यांनी विचारलं. अगदी सवयीनं.

"दोघांनी आधी," मी म्हणाले. "दोन देशांचा करार होतो तेव्हा दोन प्रती काढतात. ज्याची प्रत, त्याचं नाव तिच्यात आधी आणि त्याची सही आधी. मग प्रती बदलायच्या आणि दुसऱ्यानं खाली सही करायची. जगातले मोठे राजेसुद्धा असंच करत आलेत. आणि गाडीच्या पाटीला बाजू दोन असतात. येताना सावरवाडी-धामणखेड, जाताना धामणखेड-सावरवाडी. मॅनेजर साहेबांनी दोन्ही प्रती बघून गाडी सोडायचं कबूल केलंय."

"पान एकशे बेचाळीस, तळटीप," उंबरजे सर पुटपुटले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तीस वर्षांत त्यांच्या नोट्सचा कुणाला उपयोग झाल्याचं त्यांनी बघितलं नव्हतं.

तात्यांनी कागद हातात घेतला. ते सावकाश वाचणारे नव्हते, कुठल्याही कागदावर ते न वाचताच सही ठोकत. त्या दिवशी मात्र वेळ लागला. मग ते नानांकडे झुकले आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलले. नानांनी त्यांच्याकडे बघितलं, मान हलवली. मला वाटलं, जाता जाता तात्यांनी एक शिवी देऊन घेतली. आता हे फिसकटणार असं वाटलं. पण दोघांनी खिशातली पेनं काढली आणि एकाच वेळी सह्या केल्या. प्रती बदलल्या, पुन्हा केल्या. समितीचे अध्यक्ष उभे राहून टाळ्या वाजवत होते. इतकी जिवंत नकली बैठक आपण कुठंच बघितली नाही, असं ते म्हणाल्याचं प्राचार्यांनी नंतर सांगितलं.

कॉलेजला चांगली श्रेणी मिळाली. पेपरात फोटो आला, त्यात अण्णासाहेब मधोमध होते आणि खाली लिहिलं होतं, अण्णासाहेबांच्या पुढाकारानं दोन गावांची दिलजमाई. दोन्ही सरपंचांचे अर्धे चेहरे आले होते. सरचिटणीस कापला गेला होता.

चौथ्या दिवशी गाडी सुरू झाली. सावरवाडीत नारळ फुटला, धामणखेडात दोन फुटले.

आक्का पंधरा दिवसांनी तारीख धरायला आल्या. मी भाकरी थापत होते, कान बाहेर.

"माघ शुद्ध दशमी चांगली हाय," आक्का म्हणाल्या.

"आक्का, एक भानगड झालीया," तात्या म्हणाले. त्यांनी कोनाड्यातून कागद काढला. "गाडीच्या करारात एक कलम घुसलंय. आयका. 'दोन्ही गावांच्या ज्या मुली सध्या कॉलेजात आहेत त्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देईपर्यंत कॉलेजात येत राहतील. हे कलम दोन्ही गावांवर बंधनकारक राहील.' खाली माझी सही."

"मग? पुसून टाक."

"पुसता येत न्हाई. दुसरी प्रत सावरवाडीत हाय. म्या पोरगी काढली की लेंगऱ्या उंद्या गावभर सांगंल, धामणखेडनं शब्द मोडला. गाडी जाईल ती जाईल, नाकबी जाईल."

"तू सही करताना वाचलं न्हाईस व्हय?"

"कवा वाचतो मी?" तात्या म्हणाले.

आक्का खूप बोलल्या. पोरीनं बापाला फसवलं, शिकवून डोक्यावर बसवली, असंही म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. मी मान वर केली नाही. पण भावाचं नाक सावरवाडीपुढं कापलं जावं, हे आक्कांनाही पटणारं नव्हतं. पोराकडची माणसं थांबायला तयार नव्हती, स्थळ दुसरीकडे गेलं.

आक्का गेल्यावर मला वाटत होतं की तात्या मला धारेवर धरतील. उलट सकाळी उशीर झाला तर अंगणातून ओरडायचे, "गाडी यायची येळ झाली, सावरवाडी मोजायला बसली आसंल."

आणि सावरवाडी खरंच मोजायला बसायची. गाडी जाताना त्यांच्या थांब्यावर थांबली की नाना लेंगरे खिडकीशी यायचे आणि आमच्या गावच्या मुली बोट दाखवून मोजायचे. चार म्हणजे चार. घरी बसलेल्या पाचही जणी परत आल्या होत्या, आमच्या तीन आणि त्यांच्या दोन. फेब्रुवारीत एकदा मला ताप होता म्हणून गेले नाही, तर दुपारी नाना स्वतः सायकलवरून आमच्या दारात हजर.

"तात्या, आज तीनच हुत्या. करार मोडला का?"

"ताप हाय पोरीला. बगून घे," तात्या ताठ मानेनं म्हणाले.

नानांनी उंबऱ्यातून माझ्याकडे बघितलं आणि चहा न घेता गेले. काय माणूस हा, असं मला वाटलं. वैरापायी पोरींची हजेरी घेतोय. त्या वैराच्या जिवावर सातही जणींनी परीक्षा दिली. मी पुढं एम.ए. केलं. आज मी दुसऱ्या जिल्ह्यात हाच विषय शिकवते आणि कित्येक वर्षं वर्गात ही गोष्ट सांगून मुलांना हसवत आले, बघा, दोन गावांचा खोटा मानपान एका मुलीच्या कसा कामी आला.

गेल्या वर्षी शरीफाच्या मुलीच्या लग्नाला सावरवाडीत गेले होते. नाना लेंगरे मांडवात खुर्चीवर बसले होते, आता काठी घेऊन चालतात. मी पाया पडले.

"नाना, अजून मोजता का हो पोरी?"

ते हसले. "लई वैताग दिला तुझ्या बापानं. रोज सकाळी थांब्यावर उभं ऱ्हायाचं म्हंजे काय खायाचं काम हाय? माझी म्हस ताटकळायची धारंला."

"तात्यांनी?"

"मग काय माझी हौस हुती? त्या दिशी कालिजात सही करायच्या आदी कागद म्होरं केला. चौथ्या कलमावर बोट ठिवलं. म्हनला, नाना, हे पोरीनं घातलंय, ऱ्हाऊ दे. आक्काला माझ्याच्यानं न्हाई म्हनवत. तू तेवढा रोज येऊन मोज, तुझ्या भ्यानं मला पाळावं लागंल."

मी तिथंच खाली बसले. मांडवात माणसं होती, वाजंत्री चालू होती, आणि मला रडू आवरेना. सायकलवरून आलेले नाना आठवले. ताठ मानेचे तात्या आठवले. दोघांनी माझ्यासमोर कसं झकास नाटक वठवलं होतं, आणि आंतरराष्ट्रीय संबंध शिकणारी मी होते.

परतताना धामणखेडला उतरले. तात्या ओसरीवर सुपारी कातरत होते. हात कापतात आता, पण अडकित्ता सोडत नाहीत.

"तात्या, नाना भेटले होते. चौथ्या कलमाचं सांगत होते."

अडकित्ता क्षणभर थांबला.

"काय सांगायचा तो?" तात्या माझ्याकडे न बघता म्हणाले. "सावरवाडीचा माणूस हाय. त्याचं काय खरं धरायचं नसतं."